ट्यूनरला षड्ज विचारावा, गांधार नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काळी एकला लावलेल्या मर्दानी तानपुऱ्याचा खरज, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची तार, छेडावा, खुंटीला चिमटवलेल्या ट्यूनरकडे पाहावे, आणि पडद्यावर ‘सी शार्प’ऐवजी ‘एफ’ उमटावा. काटाही मध्यावर नाही, डावीकडे १४च्या आसपास. नवा ट्यूनर आलेल्या घरांत हा प्रकार सर्रास घडतो. मग तानपुऱ्यात खोट आहे असे वाटून तो दुरुस्तीला निघतो, नाहीतर ट्यूनर दुकानात परत जातो. खोट दोघांतही नसते. तो एफ म्हणजे खरजातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार. यंत्राने तो इमानेइतबारे ऐकला आणि आपल्या पट्टीने मोजून दाखवला, एवढेच. गाण्याचा क्लास लागला की तानपुऱ्याच्या आधी ट्यूनर घरात येतो अशी आताची रीत आहे, आणि दुकानदार हाताला लागेल तो गिटारचा ट्यूनर देऊन मोकळा होतो. आपल्या वाद्यांसाठी हे यंत्र कसे निवडावे, याबद्दल मराठीत फारसे लिहिलेले सापडत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी एक घोळ निस्तरू. इलेक्ट्रॉनिक तानपुरा वेगळा आणि ट्यूनर वेगळा. पहिला वाजतो, आपण ऐकतो. दुसरा ऐकतो आणि आपल्याला दाखवतो. रियाझाला सोबत हवी असेल तर पहिला घ्यावा. लाकडी तानपुरा, तबला किंवा स्वरमंडळ लावायला मदत हवी असेल तर दुसरा. दोन्ही कामे मोबाइलवरच्या ॲपने होतात हे खरे, पण त्याचे तोटे पुढे येतीलच.

आता त्या एफकडे. काळी एकचा खरज म्हणजे ६९.३ हर्ट्झ. तार छेडली की ती ६९.३ बरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांतही कापत असते. पाचपट म्हणजे ३४६.५. ट्यूनरच्या समान अंतराच्या सप्तकात एफ ३४९.२वर बसलेला असतो. दोहोंतला फरक १४ सेंटांचा. (एका सप्तकाचे १२०० भाग केले की एक सेंट, हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट.) साध्या गिटारवर मूळ सूर दणकट असतो आणि हे वरचे स्वर त्यामानाने दुबळे, त्यामुळे यंत्राचा गोंधळ होत नाही. तानपुऱ्याची घोडी मुद्दाम सपाट-उतरती घासलेली असते. तार तिच्यावर किंचित लोळते आणि दर फेरीला वरच्या स्वरांना नव्याने जागे करते. तार ज्या जागी छेडावी त्या जागी ज्यांचा स्थिर बिंदू पडतो ते स्वर वाजू नयेत, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. तानपुरा तो नियम पाळत नाही, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. घोडीच्या या घासणीला जवारी म्हणतात. जवारी जितकी बोलकी, तितका ट्यूनर बावचळतो. तेव्हा काटा एका जागी ठरत नाही ही तक्रार बऱ्याचदा जवारी उत्तम असल्याची पावती असते.

उपाय अवघड नाही. लावायला बसताना घोडीवर तारांखाली घातलेले चारही दोरे सरकवून बाजूला करावेत, म्हणजे झणकार कमी होतो. नखाने छेडू नये. बोटाच्या गराने, तारेच्या मध्याजवळ, हलके छेडावे. छेडल्याक्षणी सूर किंचित चढा असतो, कारण ताणलेली तार आणखी ताणली जाते. म्हणून सेकंदभर थांबून, काटा स्थिरावल्यावर वाचन घ्यावे. जोरात छेडून लगेच वाचले तर तार कायम जरा उतरलेली लागते. एवढे करूनही खरजावर एफ किंवा जी शार्प दिसत राहिला तर चिडू नये, तोच खुणेसारखा वापरावा. एफ आणि काटा उणे १४वर, म्हणजे षड्ज बरोबर. जी शार्प आणि काटा अधिक २वर, तरी षड्ज बरोबरच, कारण तो तिप्पट कंपनांचा स्वयंभू पंचम आहे. दोरे परत घातल्यावर एकदा कानाने तपासावे; दोऱ्याच्या जागेने सूर केसभर हलतो.

निवडीत पहिली अट ‘क्रोमॅटिक’ची, म्हणजे बाराही स्वर ओळखण्याची. खोक्यावर फक्त गिटार आणि तिच्या सहा तारांची अक्षरे असतील तर तो ट्यूनर आपल्या उपयोगाचा नाही. त्याला ई, ए, डी, जी, बी यांच्यापलीकडे काही कळत नाही आणि काळी एक छेडली की तो जवळच्या डीकडे ओढत राहतो. दुसरी अट खालच्या पट्टीची. ‘ए० ते सी८’ असे लिहिलेले असेल तर तो २७.५ ते ४१८६ हर्ट्झ ऐकतो, म्हणजे मर्दानी खरज आरामात आला. गिटारची सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झची असते. ती दुकानात वाजवून दाखवली आणि यंत्राने ओळखली, एवढ्यावर समाधान मानू नये, कारण आपला खरज तिच्याही खाली आहे. दुकानात तानपुरा नसेल तर बास गिटारची डी तार मागावी, ती ७३.४ हर्ट्झची. मोबाइलवर ६९ हर्ट्झचा सूर लावून चाचणी घेणारेही भेटतात. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरातून तो सूर धड बाहेरच पडत नाही. बिचाऱ्या ट्यूनरचा त्यात काय दोष? जनानी तानपुऱ्याला ही अडचण कमी. काळी पाचला जोड, म्हणजे षड्जाच्या मधल्या दोन सारख्या तारा, २३३ हर्ट्झवर आणि खरज ११६.५वर येतो, बहुतेक सगळे ट्यूनर तो सहज धरतात.

तिसरी अट आधारस्वर हलवता येण्याची. आपल्याकडे तीच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ट्यूनर ‘ए’ म्हणजे पांढरी सहा ४४० हर्ट्झ धरून चालतो. हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, १९७५च्या आयएसओ १६चे. पण आपल्या घरातली हार्मोनियम त्या मानकाला विचारून तयार झालेली नसते. जुन्या पेट्या चढ्याही सापडतात आणि उतरलेल्याही. अशा पेटीबरोबर गायचे आणि तानपुरा मात्र ४४०च्या हिशेबाने लावायचा, की दोघांचे भांडण सुरू. त्यासाठी पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबावी, एकच रीड चालू ठेवून, भाता मध्यम. ट्यूनरवर अधिक १६ सेंट दिसले तर आधारस्वर ४४४ करावा. ४४०च्या आसपास दर हर्ट्झला साधारण ४ सेंट पडतात. उणे ८ दिसले तर ४३८. मग काटा मध्यावर येतो आणि पुढचा सगळा हिशेब त्या पेटीचा होतो. ज्या ट्यूनरवर हा आकडा हलतच नाही, तो तानपुऱ्याच्या घरात घेऊ नये. ४३० ते ४५० एवढी मुभा किमान हवी. ४१० ते ४८० असेल तर फारच छान, कारण मग दोन पट्ट्यांच्या मधे षड्ज ठेवणाऱ्या गायकाचीही सोय होते.

पडद्यावर इंग्रजी अक्षरे येतात आणि आपण काळी-पांढरीत बोलतो, तिथेही नवखे अडखळतात. पांढरी एक सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. हे कागदावर लिहून तानपुऱ्याच्या गवसणीच्या खिशात ठेवले की काम भागते. काही यंत्रे शार्पऐवजी फ्लॅट दाखवतात. डी फ्लॅट म्हणजे काळी एकच, घाबरायचे कारण नाही.

क्लिपचा की माइकचा? क्लिपचा ट्यूनर लाकडातून येणारे कंपन ऐकतो, त्यामुळे शेजारी तबला ठोकला जात असला तरी त्याला फरक पडत नाही. स्पर्धेच्या दिवशी, ग्रीनरूममध्ये चार तानपुरे एकदम लागत असताना, दुसरे काही चालत नाही. तानपुऱ्याची दांडी रुंद असल्याने तो तिला बसत नाही, खुंटीला लावावा. पण जी तार लावायची तिच्याच खुंटीला नको, नाहीतर खुंटी पिळताना पडदाही फिरतो आणि मान वाकडी करून आकडे वाचावे लागतात. शेजारच्या खुंटीला लावावा. काम झाले की काढून ठेवावा. क्लिपच्या रबराने पॉलिशवर काळपट वण उठतो आणि तो पुसून जात नाही. तबला, हार्मोनियम आणि बासरीला मात्र माइकच हवा. म्हणून क्लिप आणि माइक यांत अदलाबदल करायची कळ असलेला ट्यूनर घेतला तर एकातच भागते. वायर खोचायचे पेडल इलेक्ट्रिक गिटारवाल्यांचे. त्याच्या वाटेला जाऊ नये.

मोबाइलचे ॲप फुकट असते आणि अचूकतेत कमी पडत नाही. फोनच्या आतले घड्याळ एका सेंटाच्या फार आत असते. कमी पडतो तो माइक. तो बोलण्यासाठी बनवलेला असल्याने खालचे सूर कापतो, शिवाय ‘गोंगाट कमी करा’ ही सोय तारेच्या लांबलेल्या नादालाच गोंगाट समजून दाबते. ती सोय बंद करता येत असेल तर करावी, फोन दांडीपाशी न धरता भोपळ्याजवळ, तबलीसमोर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणासमोर) वीतभर अंतरावर ठेवावा. ॲप निवडताना स्वतःची स्वरांतरे भरता येतात का, ते पाहावे. स्वरमंडळ वाजवणाऱ्यांना ही एक सोय बाकी सगळ्या सोयींहून मोलाची आहे.

अचूकतेच्या आकड्याला मात्र फार भुलू नये. साध्या ट्यूनरवर ±१ सेंट लिहिलेले असते, स्ट्रोब पद्धतीच्या ट्यूनरवर ±०.१. स्ट्रोब ही जुनी युक्ती आहे. फिरत्या चकतीचे पहिले यंत्र अमेरिकेत कॉन कंपनीने १९३६ साली आणले, आणि आज पीटरसनसारख्या कंपन्या तेच तत्त्व चिमटीएवढ्या क्लिपमध्ये देतात. संतूर किंवा पियानो लावणाऱ्याने जरूर घ्यावे. तानपुऱ्यासाठी पैसे असतील तर घ्यावे, नसतील तर हळहळू नये. जोडीच्या दोन तारा १३८.६ हर्ट्झवर लावल्या आणि त्यांच्यात ५ सेंटांचा फरक राहिला, तर दर अडीच सेकंदांनी एक लहर ऐकू येते. फरक एका सेंटावर आला की ती लहर साडेबारा सेकंदांना एक इतकी मंद होते. पण वरच्या गांधारात तीच पाचपट वेगाने, म्हणजे पुन्हा अडीच सेकंदांना, डोलते. कान देऊन बसले की तो डोल कळतोच. म्हणजे जिथे साधा ट्यूनर आपल्या मर्यादेला येऊन थांबतो, तिथे कान अजून काम करत असतो. म्हणून क्रम असा ठेवावा: जोडीतली एक तार ट्यूनरवर, कारण मधल्या सप्तकात तो सर्वांत भरवशाचा. दुसरी तिला कानाने, लहर थांबेपर्यंत. मग खरज, तोही जोडीशी मिळवून. शेवटी पंचम. ट्यूनरवर पंचम पाहायचाच असेल तर काटा मध्याच्या २ सेंट उजवीकडे हवा. बरोबर मध्यावर ठेवलेला पंचम हार्मोनियमचा असतो, तानपुऱ्याचा नव्हे. जोड उतरली असेल तर खुंटीला हात न लावता घोडीखाली तारेत ओवलेला मणी घोडीपासून दूर, खाली ओढावा, सूर चढतो. घोडीकडे सरकवला की उतरतो. मणी आधीच टोकाला गेलेला असेल तर तो मधे आणून मग खुंटीने जवळपास लावावे आणि उरलेले मण्याने करावे. खुंटीनेच शेवटचे चार सेंट गाठायला जाणाऱ्यांच्या तारा तुटतात, विशेषतः पावसाळ्यात, खुंट्या फुगून अडकतात आणि सुटतात तेव्हा झटक्याने सुटतात.

स्वरमंडळावर प्रत्येक स्वराची वेगळी तार असते, तिथे ट्यूनरचा मोह सर्वांत जास्त आणि फसगतही. सगळ्या तारा काटा मध्यावर ठेवून लावल्या तर ते पेटीचे स्वरमंडळ होते आणि मागे तानपुरा सुरू झाला की गांधार-निषाद बोचायला लागतात. काळी एक षड्ज धरून यमन लावायचा तर रिषभ म्हणजे डी शार्प अधिक ४वर, गांधार एफ उणे १४, तीव्र मध्यम जी उणे १०, पंचम जी शार्प अधिक २, निषाद सी उणे १२. धैवत, ए शार्प, उणे १६वर ठेवणारे आहेत तसे अधिक ६वर ठेवणारेही आहेत. तिथे ज्याच्या गळ्याला साथ करायची त्याला विचारावे. कोमल गांधार अधिक १६, कोमल धैवत अधिक १४ ही सुरुवातीची जागा समजावी. हे आकडे ५/४, ३/२, १५/८ अशा साध्या गुणोत्तरांतून येतात, रागातली आंदोलने त्यांत मावत नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँच्या गळ्यातल्या श्रुती मोजण्याचा खटाटोप विसाव्या शतकाच्या आरंभी केला, तेव्हा हातात ट्यूनर नव्हता. आता खिशात आहे, तरी वाद तिथल्या तिथेच आहे, हे एक बरे आहे.

तबल्याला तर ट्यूनर जपूनच वापरावा. काळी एकचा तबला साधारण सव्वापाच ते साडेपाच इंची तोंडाचा, आणि त्याचा सूर २७७ हर्ट्झच्या आसपास. माइक वीतभर अंतरावर ठेवून चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, स्वच्छ ‘ना’ वाजवावा. ‘तूं’ वाजवू नये. उघड्या थापेत पुडीचा मूळ नाद मोकळा सुटतो आणि तो बहुधा षड्जाशी जुळत नाही. नामध्ये करंगळीशेजारचे बोट त्या मूळ नादाला दाबून ठेवते, म्हणून कानाला षड्ज ऐकू येतो. यातही यंत्र कधी जी शार्प दाखवते. तोच पंचमाचा खेळ, म्हणून लगेच हातोडी उचलू नये. सोळाही घरांचा सूर आधी एकमेकांशी मिळवावा, समोरासमोरची घरे जोडीने घेत. गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या विणलेल्या कड्यावर, वरून ठोकले की चढतो, खालून ठोकले की उतरतो. सगळाच सूर पट्टीभर हलवायचा असेल तेव्हाच वाद्यांखालच्या लाकडी गट्ट्यांना हात घालावा. ट्यूनरचा खरा उपयोग इथे एवढाच, की कोणते घर मागे राहिले आहे ते नजरेला दिसते. डग्ग्याला आणि पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूला तो लावून पाहू नये.

हार्मोनियम वाजवणाऱ्याला ट्यूनरची गरज खरेदीच्या दिवशी. खरज (खालच्या सप्तकाची) आणि नर (मधल्या सप्तकाची) अशी दोन्ही रीड एकदम चालू ठेवून तपासले तर काटा नाचतो, म्हणून एकेक बंद करून प्रत्येक पट्टी पाहावी. भाता जोरात हाणला की सूर किंचित उतरतो, तेव्हा हात सारखा ठेवावा. शेजारच्या पट्ट्यांवर काट्याच्या जागेत सातआठ सेंटांचा फरक दिसला तर तिथेच सांगावे. रीड टोकाशी घासली की चढते, मुळाशी घासली की उतरते. हे वाचून घरी कानस घेऊन बसू नये, घासलेली रीड परत भरता येत नाही. पेटीचा गांधार तानपुऱ्याच्या गांधाराहून १४ सेंट चढा असणार, ती पेटीची जातच आहे. ज्यांना ते सोसत नाही त्यांच्यासाठी डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी बनवली आहे.

बासरीबद्दल एकच: हवा एक अंशाने तापली की सूर सुमारे ३ सेंट चढतो. पहाटेच्या गारव्यात पारखलेली बासरी दुपारी चढी वाटली तर दुकानदाराला बोल लावू नये. दोनचार मिनिटे फुंकून गरम करून मगच काटा पाहावा.

क्लिपच्या ट्यूनरात बहुधा सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी असते. ती उतरली की पडदा मंद होतो आणि काटा उशिरा हलतो, सूर चुकीचा दाखवत नाही. ती लहान मुलाच्या हाती लागू देऊ नये, गिळली तर जिवावर बेतते. झाकण स्क्रूचे असेल तो ट्यूनर पसंत करावा.

शेवटी वाद्ये बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना दोन विनंत्या. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; आता ट्यूनर विकणाऱ्या प्रत्येक दुकानात काळी एकला लावलेला एक तानपुरा चाचणीपुरता ठेवायला काय हरकत आहे? आणि हार्मोनियमच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी डकवावी: ‘या पेटीची पांढरी सहा इतक्या हर्ट्झची’. आकडा लिहायला जागा बोटभर पुरते.

आपला,
तानपुऱ्यांची जवारी करणारा एक कारागीर,
मिरज